क्लास चालू असताना आलेला फोन

केज
१५ एप्रिल २०२१

ती. आश्रुबामामांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. मोबाइलच्या जमान्यात भाचीला पोस्टाची पेटी शोधायला लावणारे मामा सगळ्या बीड जिल्ह्यात तुम्ही एकटेच असाल. पण तुमच्या कानांना फोन ऐकू येत नाही, आणि मेसेज लिहायचा म्हणजे मुंग्या वेचल्यासारखं वाटतं असं तुम्हीच म्हणता. तेव्हा लिहिते बापडी.

काल जयंती घरातच केली. फोटोला हार घातला, खीर केली, पोरांनी गच्चीवर निळा झेंडा लावला. रात्रीपासून पुन्हा सगळं बंद. म्हणजे माझा इंग्रजीचा क्लासही बंद. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोल्यांना परत कुलूप लावलं. मागच्या वर्षी असंच कुलूप लावलं आणि अर्धी मुलं गळाली. नर्सिंगच्या मुली, पुण्याला नोकरीला निघालेली पोरं, सगळी म्हणाली की नंतर बघू. यंदा मात्र तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून क्लास फोनवर सुरू केला आहे आणि नियम आणखी कडक केले आहेत. मराठी-हिंदी फोनवरही बंद. सुरुवातीला प्रत्येकाला ‘हाऊ आर यू’ विचारायचं, त्यानं ‘आय ॲम फाइन, थँक यू’ म्हणायचं, तीच हजेरी. आणि क्लास चालू असताना दुसरा कुणाचाही फोन आला तर घ्यायचा नाही. आता फोन हाच वर्ग, आणि वर्गातून मधेच कुणी उठून जात नाही. हा नियम शिक्षकांनाही आहे.

शाहीन आठवते ना? फळवाल्या सलीमभाईंची मुलगी. माझ्याच क्लासात शिकली आणि आता माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. दुसरे सर, अभिमन्यू, तेलगावला घरी अडकलेत आणि तिथे रेंज नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही बॅचेस शाहीनच घेते, रोजे चालू असूनही. ती आहे म्हणून क्लास उभा आहे. तरी माझी धडधड काही थांबत नाही.

मामीला सांगा, लोणच्याच्या एका बरणीवर माझं नाव आधीच लिहून ठेव. तुमची माया आहेच, ती या उन्हात सुकू देऊ नका.

तुमची भाची,
आम्रपाली


धारूर
२३ एप्रिल २०२१

चि. आम्रपालीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

इकडील सर्व कुशल. तिकडील कळवीत जावे.

पत्र वाचून करमणूक झाली. तुझ्या क्लासात चपला आणि मराठी दोन्ही दाराबाहेर काढाव्या लागतात हे ठाऊक होतं. आता फोनला दार कुठं असतं ते तू जाणे.

तुझी मामी इथंच कैऱ्या फोडत बसली आहे. शेजारच्या म्हाळूनं त्याच्या झाडाच्या आणून दिल्या. ती मोठ्यानं सांगते आहे आणि मी लिहितो आहे. ती म्हणते, त्या शाहीनला लई राबवू नको, उपाशी पोटी दोन-दोन टाइम बडबड करायची म्हंजी घशाला कोरड पडत आसंल. आणि म्हणते, बरणीवर नाव घालायला मला कुठं येतंय, तुझ्या बरणीला निळी चिंधी बांधते.

एक शंका येते ती विचारतो, राग मानू नको. ज्याच्या घरात ताप आहे तो तुझ्या ‘हाऊ आर यू’ला काय म्हणतो? तेवढं इंग्रजी शिकवलंस का त्याला? मी शाळेत हजेरी घ्यायचो तेव्हा पोरांच्या तोंडाकडे बघायचो. कोण जेवून आलं नाही ते तोंडावर दिसायचं. सगळ्यांचंच दिसायचं असं नाही, माझ्याही नजरेतून पुष्कळ सुटले असतील. पण फोनला तोंडच नाही, म्हणून काळजी वाटली.

बाहेर फिरू नको. म्हाताऱ्याच्या शंका मनावर घेतल्या नाहीस तरी चालेल, पत्राला उत्तर मात्र पाठव.

तुझा मामा,
आश्रुबा


केज
४ मे २०२१

ती. मामांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसते आणि उठते. शाहीनची आई, अकबरीचाची, गेल्या. अंबाजोगाईला दवाखान्यात होत्या, आणि मला त्यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं.

तुम्ही विचारलं होतं ना, घरात ताप असलेला माणूस काय म्हणतो? तो फाइनच म्हणतो, मामा. रोज संध्याकाळी मी शाहीनला विचारत होते आणि ती रोज त्याच चालीवर, ‘थँक यू’सकट, उत्तर देत होती. चाचींना दवाखान्यात नेलं त्या दिवशीही दिलं. त्यांना माती दिली त्या दिवशी तर सकाळची बॅचसुद्धा तिनं घेतली. पुढं एका सकाळी ती शिकवता शिकवता वाक्य अर्धवट टाकून गप्प झाली. मुलं हॅलो हॅलो करत राहिली. मी चिडले. नियम ऐकवायला म्हणून फोन लावला, तो तिच्या भावानं, साजिदनं उचलला. मी तावातावानं इंग्रजीतच सुरू केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, की मॅडम, अम्मी गेली, तुमाला शाहीननं सांगितलं न्हाई का.

तेव्हापासून शाहीन कुणाशी बोलत नाही. साजिद सांगतो, घरात कुणाचा फोन वाजला की दचकते आणि उठून दुसऱ्या खोलीत जाते. इफ्तारला दोन घोट पाणी पिते, ताट तसंच परत जातं. सलीमभाई स्वतःच खचलेत, ते काय समजूत घालणार? मला तिच्या जिवाची भीती वाटते, मामा. आमची गल्ली पत्रे ठोकून बंद केली आहे, मला जाता येत नाही. पंचवीस वर्षांची पोर अशी आतल्या आत विझत चालली आहे आणि मी इथे बसून तिच्या बॅचला धडे पाठवते आहे. क्लास बंदच करून टाकू का? तुम्ही सांगाल तसं करीन.

मामीला नमस्कार. लवकर लिहा, मला धीर नाही.

आम्रपाली


धारूर
११ मे २०२१

चि. आम्रपालीस,
अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व कुशल.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. क्लास बंद करू नको. बंद केलास तर बाकीची पोरंही घरात एकटी पडतील. नियम मात्र बदल. नियम आपण केलेले असतात, ते आभाळातून पडत नाहीत.

गल्ली उघडली की शाहीनच्या दारात जाऊन बस. कशी आहेस असं विचारू नको. तू आपली घरचं काहीबाही सांगत बस. ती बोलली नाही तरी उठू नको. यापरतं मला काही सुचत नाही.

यंदा लोणचं राहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, वाचून घे. जास्त काय लिहू?

मामा


केज
२७ मे २०२१

ती. मामांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

ईदनंतर आमच्या गल्लीचे पत्रे काढले. त्याच संध्याकाळी शाहीनकडे गेले. दाराबाहेर सलीमभाईंचा हातगाडा रिकामा उभा आहे, त्याच्यावर मास्क लावून बसले. ती आत उंबऱ्याजवळ. तुम्ही सांगितलंत तसं मी आपलं घरचं सांगत राहिले. आमच्या सासूबाई वाफ घेता घेता पातेल्यावरच डुलक्या काढतात, धाकटा ऑनलाइन शाळेत शर्ट घालतो आणि खाली टॉवेल गुंडाळतो, असलं काहीबाही. पहिल्या दिवशी ती ऐकत होती की नाही तेसुद्धा कळलं नाही. मी रोज जात राहिले. हे मराठीतच चाललं होतं, आणि मधूनमधून माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी इंग्रजी सोडून इतकं बोलले असेन.

परवा ती बोलली. एवढंच बोलली, की दवाखान्यातून अम्मीचा फोन आला होता, क्लास चालू होता, म्हणून कट केला. क्लास संपल्यावर लावला तर उचलला गेला नाही. मग वॉर्डातल्या नर्सबाईंकडून साजिदला कळलं की अम्मीला खरबूज खायचं होतं. फळवाल्याच्या घरात त्या दिवशी खरबुजांच्या पाट्या लागल्या होत्या, मामा. एक फोड तिच्यापर्यंत गेली नाही.

तो नियम माझा होता. मी तिथेच गाड्यावर बसून रडले. ती रडली नाही, आत निघून गेली.

आता क्लास असा चालतो. सुरुवातीला ज्यानं त्यानं घरच्या भाषेत बोलायचं, मराठी, उर्दू, लमाणी, काय असेल ते. ‘फाइन’ म्हणायला बंदी. घरात कोण झोपून आहे, कोण जेवलं नाही, ते सांगायचं. मुलामुलींच्या जोड्या लावून दिल्या आहेत. एकाचा आवाज दिवसभर आला नाही तर दुसऱ्यानं चौकशी करायची. परीक्षा पुढे ढकलली. एक बॅच मी घेते, एक अभिमन्यू सर घेतात, रोज टेकडीवर जाऊन रेंज धरतात बिचारे. आणि क्लासमध्ये कुणाचाही फोन आला तर त्यानं तो आधी घ्यायचा, तोवर आम्ही थांबतो. इंग्रजी थोडं कमी होतं, पण गळालेली काही मुलं परत आली आहेत.

शाहीन रोज सकाळी क्लासला जोडली जाते. तिचं नाव दिसतं, आवाज येत नाही. ती पुन्हा कधी बोलेल का, या धास्तीनं मी सगळा वेळ त्या नावाकडे बघत असते.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या मागच्या पत्रात मामीचा एक शब्द नाही. लोणचं राहिलं म्हणता, आणि सर्व कुशल म्हणता. मामी जिवंतपणी लोणचं चुकवील का? मला घाबरवू नका. मामी आज काय जेवली, तेवढंच लिहा.

आम्रपाली


धारूर
३ जून २०२१

चि. आम्रपाली,

तुझी मामी घरी नाही. ती काय जेवली ते मला माहीत नाही.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी तिला अंबाजोगाईला नेलं. ऑक्सिजन लावला आहे. तुला आधीच शाहीनचा घोर, त्यात भर नको असं मी मनाशी म्हणालो. पण खरं सांगतो, पत्राच्या सुरुवातीला हात आपोआप ‘सर्व कुशल’ लिहून गेला. जन्मभर तसंच लिहीत आलोय. लिहून झाल्यावर खोडवेना. तुझ्या क्लासाला मी नावं ठेवली आणि माझीही तीच गत.

आत कुणाला सोडत नाहीत. दवाखान्यातून फोन येतो. माझ्या कानाला त्याची घंटी कळत नाही, म्हणून तो छातीच्या खिशात ठेवतो, म्हणजे थरथर लागते. थरथर लागली की म्हाळूकडं धावतो. तो दिवसा रानात असतो. तो भेटेपर्यंत फोन बंद पडलेला असतो. एकदा खुद्द तुझ्या मामीचाच, भामाबाईचाच होता. तिथल्या डॉक्टर पोरीनं तिचं नाव मेसेजमध्ये मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं म्हणून कळलं. मी फोन कानाला दाबून दाबून धरला. काही ऐकू आलं नाही. मी नुसतं हां, हां म्हणत राहिलो. तिनं काय मागितलं ते देव जाणे, मी कशाला हां म्हणालो तेही ठाऊक नाही.

आमाला दुसरं कोण हाय, पोरी? मला लई भीती वाटते.

मामा


केज
६ जून २०२१

आदरणीय मामा,
शाहीनचा सलाम.

तुम्ही मला एकदाच पाहिलं आहे, क्लासच्या गॅदरिंगला. तेव्हा मी इंग्रजीत भाषण केलं होतं आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. ऐकू आलं नव्हतं हे मॅडमनी नंतर सांगितलं.

मॅडम काल तुमचं पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्यानं वाचवेना, म्हणून मी वाचून दाखवलं. किती दिवसांनी माझा आवाज घरात निघाला म्हणून अब्बा दारात येऊन उभे राहिले. पत्र संपल्यावर मीच म्हणाले की मी जाते. मॅडम नको नको म्हणाल्या, मला त्रास होईल म्हणाल्या. त्रास तर होणारच, मामा. घरात बसूनही होतोच.

साजिदभाईच्या टेम्पोला फळांचा पास आहे. तो आम्हांला पहाटे धारूरला सोडील आणि तसाच अंबाजोगाईला जाईल. मामींसाठी खरबूज दिलं आहे, डॉक्टर हो म्हणाले तर नर्सबाई देतील. मामींनी दुसरं काही मागितलं असेल तर तेही आता कळेल. मॅडम तुमच्या घरी स्वयंपाकाचं बघतील आणि तिथूनच क्लास घेतील. मी क्लास घेणार नाही. एवढ्यात तरी नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तोंडानं सांगितलेलं तुम्हांला ऐकू येणार नाही, म्हणून लिहून हातातच देते आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्या अंगणात उभी असेन. मुलगी म्हणून आले आहे, तशीच ठेवून घ्या.

वाचून झालं की खिशातला फोन माझ्याकडे द्या. वाजला की मी उचलीन.

शाहीन