उमरावाचे डोळे

२ मार्च
मेहुण्याच्या कारखान्यात नवं काम आलं. आम्ही जुन्या नामांकित चित्रांच्या हाताने नकला करतो. आता एका संगीत शाळेला सभागृहात लावायला इटालियन उमरावाचं पोर्ट्रेट हवंय. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस. काळा मखमली अंगरखा, फरची कॉलर, नजर अतिशय शांत. म्हणे चित्रकार, गवई सगळ्यांना पदरी ठेवायचा. असा माणूस आज असता तर मी इथे नकला करत बसलो नसतो.
मुदत २४ तारीख. मेहुण्याचं मत, काम त्याच्या बहिणीला द्यावं. म्हणजे माझ्या बायकोला. ती आमच्याकडे हात आणि लेस रंगवते. चेहरे माझ्याकडे असतात. मी त्याला शांतपणे समजावलं. समजावताना एक स्टूल मोडलं. काम मला मिळालं.
संकल्प : चित्र होईपर्यंत रागवायचं नाही. तसा मी मुळात रागीट नाहीच.

५ मार्च
अंगरखा झाला. मखमल अशी उतरलीय की हात फिरवावासा वाटावा. कारखान्यातल्या चौकटवाल्याने फिरवला. रंग ओला. मी त्याला फक्त बाजूला केलं. मध्ये दाराची कड आली, त्याला मी काय करणार. समोरचा एक दात गेला. आधीपासूनच हलत असणार.
संकल्प मोडलेला नाही. राग आला नव्हता, घाई होती.

९ मार्च, दुपार
चेहरा झाला. नाक फर्स्टक्लास. ही बराच वेळ चित्रासमोर उभी होती. शेवटी म्हणाली, हा आत्ता उठून कुणाला तरी मारेल असं वाटतं. मी म्हटलं, उमराव आहे, दरारा असायचाच. ती म्हणाली, मूळ चित्रात कुठंय दरारा, तिथे तर तो कुणाचं तरी गाणं ऐकत बसल्यासारखा दिसतो.
त्यानंतर माझ्या हातातून रंगाची पाटी सुटली.

९ मार्च, संध्याकाळ
तिच्या कपाळाला चार टाके. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. मीच म्हटलं, पाटी शेल्फवरून पडली. पाटी शेल्फवरच असते, त्यामुळे तसं खोटं काही नाही. येताना तिला विचारलं, फार दुखतंय का. म्हणाली, नाही, सवय आहे.
डोकेदुखीबद्दल म्हणत असावी.

१० मार्च
ही भावाकडे राहायला गेली. कारखान्याच्याच वर त्याचं घर आहे. जरा चेंज. दोन दिवसांत येईल. डोळे खरवडून परत काढले.

१४ मार्च
डोळे चौथ्यांदा. या वेळी आरसा घेऊन बसलो आणि स्वतःची शांत नजर जशीच्या तशी उतरवली. शाळेच्या मुख्याध्यापिका बघायला आल्या. दोन पावलं मागे सरकल्या. म्हणाल्या, मुलं घाबरतील हो. मी हसून ऐकून घेतलं. त्या जिन्यात असतानाच टर्पेंटाइनची बाटली भिंतीवर फुटली.
मेहुणा म्हणाला, भावोजी, पुरे झालं, आता चित्र तीच पूर्ण करेल, तुम्ही उद्यापासून येऊ नका. मी त्याचा गळा धरला. म्हणजे त्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्याला जवळ ओढलं. त्याचा चेहरा जांभळा झाला, पण तो कायमच जरा जांभळट असतो. दोघातिघांनी मिळून सोडवलं. चौकटवाल्याने तर मला पोटात दोन गुद्दे हाणले. हिंसक माणूस. असल्यांना कामावर ठेवूच नये.

१८ मार्च
घरी. विश्रांती. हिला रोज निरोप धाडतो की मी रागावलेलो नाही. उत्तर नाही. कामात असेल.

२१ मार्च
डोळे काही कुणाला जमलेले नसणार. २४ तारखेच्या आत बोलावणं येईल. फार ताणायचं नाही, लगेच जायचं. शर्टाला इस्त्री केली. कॉलर जळली. इस्त्री फेकून दिली. खिडकी बंद होती.

२३ मार्च
बोलावणं आलं नाही, म्हणून भर दुपारी मीच गेलो. सगळे जेवायला वर गेले होते. चित्र स्टँडवर तयार.
डोळे झाले होते. खूप वेळ बघत राहिलो. उमराव माझं सगळं ऐकून घेतल्यासारखा बघत होता, आणि तरी उठून जात नव्हता. माझ्याकडे असं कुणी बघितल्याचं आठवत नाही.
म्हणजे काम चुकलेलं होतं. शेजारीच कॅनव्हास कापायची सुरी पडली होती. ती उचलून मी चेहऱ्यावर वार केला. नेम चुकला. सुरी चौकटीच्या लाकडावर आदळली आणि हात मुठीवरून घसरून पात्यावर गेला. रक्त बरंच. चित्रात खरचटली ती फक्त मखमल. माझीच.
आवाज ऐकून ही धावत खाली आली. आधी तिने चित्र उचलून रक्तापासून लांब ठेवलं. मग माझ्या हाताला फडकं बांधलं. घट्ट बांधलं.

(हे सगळं डाव्या हाताने, चार दिवसांनी लिहिलं. दोन दिवस लागले.)

३० मार्च
हॉस्पिटल. अंगठ्याची शीर तुटली. डॉक्टर म्हणतात, अंगठा वाकणार नाही, ब्रश विसरा. डॉक्टरांना कलेतलं काय कळतं.

२ एप्रिल
ही आली. कपाळावरचे टाके काढलेत, खूण राहिलीय. म्हणाली, मखमल दुरुस्त केली, चित्र सभागृहात लागलं. मी म्हटलं, झालं गेलं जाऊ दे, मी तुला माफ केलं. ती म्हणाली, बरं.
मग पिशवीतून कागद काढून पांघरुणावर ठेवले. घटस्फोटाचे. मी हाताचं बँडेज दाखवलं. ती म्हणाली, सही डाव्या हाताने केली तरी चालते, वकिलांना विचारलंय. पेनाचं टोपण काढून पेन माझ्या बोटांत धरवलं. कागद हलू नये म्हणून कडेला हात ठेवून उभी राहिली.
सही पोराटोरांनी केल्यासारखी वाकडी आली. मी म्हटलं, थांब, परत नीट करतो.
ती म्हणाली, नको. चालेल.