मशीनच्या गाभाऱ्याला ठिगळ

४ ऑक्टोबर १९९३, दुपार
आज मशीन घरात येऊन दोन वर्षं झाली. पेढे आणले नाहीत, गूळ-खोबऱ्यावर भागवलं. यांनी बँक सोडून युनिक्सवर चालणारं काँप्युटरचं मशीन घातलं तेव्हा माहेरचे हसले होते. आज वाळूजच्या पंपांच्या कंपनीचा सगळा पगार आपल्या बाहेरच्या खोलीत निघतो आणि त्यावरच घर चालतं. हे कंपनीत जाऊन गोड बोलतात. मशीनची मुख्य मी, मॅट्रिक असून. रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड मला एकटीला ठाऊक.
पुण्याहून मशीनवाल्यांचं पाकीट आलं. तीन फ्लॉप्या, इंग्रजी पत्र. फोनवर इंजिनिअर म्हणाला, कर्नेल म्हणजे मशीनचा गाभा, त्यात खोट निघालीय. मी म्हटलं, म्हणजे गाभारा. रूट पुजारी, बाकीचे युजर प्रदक्षिणा घालणारे. तो म्हणाला, अगदी बरोबर काकू, पण मागच्या भिंतीला भगदाड आहे, प्रदक्षिणा घालणारा कुणीही आत शिरून पुजारी होतो. फ्लॉप्यांतला पॅच, म्हणजे ठिगळ, आजच टाका, अर्धा दिवस मशीन बंद ठेवा.
पितृपक्ष चालू आहे. नवीन काही घालत नाहीत. घटस्थापनेला बघू.

६ ऑक्टोबर
तोवर बंदोबस्त. खोलीला जाड कुलूप. दारावर लिंबू-मिरच्या. पासवर्डाच्या पुढे १०८ लावले. आता कोण शिरतो बघते.
टाइप करणारे दोघं. माझा धाकटा भाऊ अनंता, आणि गंगापूरकडचा कडुबा. कडुबाचा हात झरझर चालतो, पण शर्टावर नामांतराचा बिल्ला लावून येतो. विद्यापीठाचं नाव बदलून याला काय मिळणार? मी काही बोलत नाही. मी भेदभाव मानतच नाही. त्याचा कप वेगळा आहे तो आमचे कप नाजूक म्हणून.
पुण्याचं पत्र कडुबापासून लपवलं. अनंताला वाचायला दिलं. घरचा माणूस.

१६ ऑक्टोबर, घटस्थापना
नऊ दिवस नंदादीप विझू द्यायचा नाही, मग मशीन कसं बंद करू? त्यालाही हिरवा दिवा आहेच. दसऱ्यानंतर नक्की.
कडुबा म्हणाला, काकू, पुण्याचा फोन लई येतो, पॅच राहिलाय का एखादा? मी म्हटलं, तुझ्या ओव्हरटाइमच्या नोंदी राहिल्यात त्या बघ. याला कसं कळलं? नजर ठेवायला हवी.

२४ ऑक्टोबर, दसरा
पाटावर यांचा कॅल्क्युलेटर, माझी विळी, आणि मधोमध तिन्ही फ्लॉप्या. फ्लॉपीला एक उघडी फट असते, तेच तिचं तोंड, म्हणून तिथेच हळद-कुंकू वाहिलं. वर अक्षता, फूल, पळीभर तीर्थ. खंडेनवमीला काल यांनी स्कूटर धुतली तेवढं यांचं देवाधर्माचं. उद्या पॅच.

२५ ऑक्टोबर
पहिली फ्लॉपी गेली. दुसरीला मशीन म्हणालं, वाचता येत नाही. कापसाने पुसली. पुन्हा नाही. तिसरी आत खरखरली आणि बाहेर आली ती लाल होऊन. अनंता हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. म्हणाला, ताई, तू कर्नेलला सवाष्ण केलंस.
एक तर गेली ना? तिसरा हिस्सा भगदाड बुजलं. बाकीचं देव बघून घेईल. इंजिनिअरला कळवलं, पॅच बसला. खोटं नाही. बसवायला घेतलाच होता.

२ नोव्हेंबर
घात झाला. साहेबलोकांच्या पगाराची यादी कंपनीच्या गेटवर लागली. कागद आपल्याच प्रिंटरचा, फिकट रिबनीवरून यांनी ओळखला. (रिबन अजून महिनाभर चालली असती.) बोनससाठी गेटवर बसलेले कामगार ती यादी मोठ्याने वाचत होते. मॅनेजर यांना म्हणाला, दत्तोपंत, दुसरी चूक झाली तर काम बंद.
यादी फक्त रूटला उघडते. म्हणजे पुजारी सोडून कुणीतरी.

३ नोव्हेंबर
कडुबाला काढलं. गेटवर बसणारे त्याच्याच ओळखीचे, भगदाडातून तोच शिरला असणार. तो म्हणाला, काकू, म्या नाय केलं. असं भगदाड हाय हेच मला आत्ता कळतंय. मी म्हटलं, उगाच आवाज चढवू नकोस. तो म्हणाला, कुलूप तुमचं, चावी तुमची, आन् चोर तेवढा आमच्यातला काढला व्हय?
महिन्याचे पैसे पूर्ण दिले. कुणाचं ठेवत नाही. त्याने त्याचा कप विसळून खिडकीत पालथा घातला आणि गेला.
आता घर सुरक्षित.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज
ओवाळताना अनंता म्हणाला, ताई, चिडू नको, ती यादी मी काढली. म्हणे त्या पत्रावरून अंदाज आला, दोन दुपारी खटपट केली आणि रूट झालो. मित्रांना दाखवायला एक कागद काढला, गेटवर त्यांनी लावला.
ताम्हन हातात तसंच राहिलं. पण विचार केला तर मुलगा किती हुशार! संगत वाईट, एवढंच.
हे म्हणाले, कडुबाला बोलावून सांग. मी म्हटलं, ऐन दिवाळीत कशाला जुनं उकरायचं, त्याच्या मनातून गेलंही असेल. हे जेवले नाहीत. फराळाने पोट भरलं असणार.
संकल्प: इंजिनिअरकडून नव्या फ्लॉप्या मागवायच्या. मार्गशीर्षातले गुरुवार झाले की.

८ डिसेंबर
कंपनीचा ऑडिटर आला. विचारलं, पॅच घातलाय ना? मी म्हटलं, कधीच. खिचडी दिली. तो अनंताच्या टर्मिनलवर साधा युजर म्हणून बसला. एका हातात चमचा, दुसऱ्या हाताने टाइप. खिचडी संपायच्या आत पडद्यावरचं साध्या युजरचं $ गेलं आणि # आलं. ते चिन्ह फक्त रूटला येतं. मला येतं.
तो म्हणाला, खिचडी छान होती. पगाराच्या नोंदींची टेप घेऊन गेला.

१३ डिसेंबर
कंपनीचं पत्र. पगाराचं काम काढून घेतलं. अनंताला पुण्यात नोकरी लागली, काँप्युटरच्या सुरक्षेची. यांना सांगितलं तर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, पण ते हसू मला आवडलं नाही.

१५ जानेवारी १९९४
काल नामांतर झालं. नाक्यावर पोलिसांच्या गाड्या, एसटी बंद. हे दूध आणायला गेले आणि खाली मान घालून परत आले. कडुबा भेटला, त्याने पेढा दिला, विचारलं, काकू बऱ्या हायेत ना? मी विचारलं, तुम्ही त्याला अनंताचं सांगितलंत? म्हणाले, तोंडात पेढा होता.
बरं झालं. झाकली मूठ.

२२ जानेवारी
एसटी सुरू झाल्या म्हणून इंजिनिअर स्वतः आला. आल्या आल्या मशीन बंद केलं. मी मुहूर्त विचारला नाही. तीन नव्या फ्लॉप्या नीट गेल्या. मग साधा युजर होऊन त्याने खूप खटपट केली, $ हललं नाही. म्हणाला, काकू, आता कुणाच्या बापाला शिरता येणार नाही.
मी म्हटलं, मी सुरुवातीपासून हेच म्हणत होते.
त्याने युजरांची यादी काढली आणि विचारलं, किती ठेवायचे? अनंताचं नाव पुसलं. कडुबाचं पुसलं. म्हणाला, तुम्ही एकट्याच उरलात.
तो गेल्यावर रूट म्हणून बसले. # आलं. काय टाइप करावं सुचेना. हे दारात उभे राहून बघत होते. बराच वेळ झाला, मीटर उगाच पळतंय म्हणून बंद केलं.