लागतंय का?

३ मार्च, मंगळवार

पुन्हा खोटं बोलले! दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंनी डोळे मिटायला लावले आणि तो नायलॉनचा बारीक धागा उजव्या हाताच्या बोटांना टेकवत गेल्या — "लागतंय का? कुठलं बोट?" मी पापण्या किलकिल्या ठेवल्या. तर्जनी. मधलं. करंगळी. दहा वेळांपैकी नऊ वेळा बरोबर! बाई खूश. "सोमवारपासून दुकानात जायला हरकत नाही."

भाजून आठ महिने झाले. मूठ वळते, कात्री धरता येते. पण बोटांच्या टोकांना काही म्हणजे काही कळत नाही. हे बाहेर फुटलं तर मला शिवायला कोण बसवेल? वीस वर्षं दुसरं केलंय काय मी?

५ मार्च, गुरुवार

यांनी सकाळी हातमोजा चढवला. व्रण फुगू नयेत म्हणून दिवसभर घालायचा, फक्त टोकं उघडी. नवरा आहे की नाटक कंपनी! "सरकार, हात पुढे करा, स्वारी निघायचीय." मी हसले, पण उसनं.

७ मार्च, शनिवार

जुन्या चादरीवर कात्री चालवून पाहिली. सरळ गेली. मग हातातून निसटली — खाली खणकन वाजली तेव्हा कळलं!

८ मार्च, रविवार

उद्या. कात्री पिशवीत टाकून ठेवलीय.

९ मार्च, सोमवार

टेलर मास्तर दाराशीच उभे होते. "या बाई, तुमच्याशिवाय दुकानाला कॉलर नाही!" सगळे हसले. माझ्या हातावर फुटलेली ती वाफेची इस्त्री काढून टाकलीय, तिथे आता साधी आहे. तरी तिच्याजवळून जाताना मी भिंतीला चिकटून गेले.

दुपारी कॉलर दाबायची होती. मास्तर गिऱ्हाईकाचं माप घेत होते, म्हणून मीच गेले. आणि हात सवयीने पुढे गेला — तापलीय का बघायला बोट जिभेला लावून इस्त्रीच्या तळाला टेकवलं! चुर्र झालं की बोट उचलायचं, शिंप्याला हे शिकवावं लागत नाही. मला वाटलं उचललं. वास आला म्हणून पाहिलं, तर बोट तिथेच!

दुखलं नाही. फोड आलाय टपोरा आणि दुखत नाही! मला इतकी भीती त्या स्फोटाच्या दिवशीही वाटली नव्हती. मास्तरांना सांगितलं, सुई लागली.

१० मार्च, मंगळवार

बाईंकडे गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. यांनी पट्टीकडे पाहिलं आणि रोजची तेलाची वाटी घेऊन बसले.

११ मार्च, बुधवार

यांना सगळं सांगून टाकलं — पापण्या, धागा, इस्त्री. हमसून हमसून रडले मी. वाटलं, ओरडतील, नाहीतर विनोद करतील. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मला माहीत आहे. रोज तेल चोळताना तुला हसवतो ना, तेव्हा बोटांच्या टोकांना हळूच चिमटा काढतो. पट्ट्या सुटल्यापासून रोज. एकदाही 'आई गं' म्हणाली नाहीस."