उरलेला तुकडा

१२ जून
आपल्या लॅबच्या वेबसाइटवर घोळ. मैंदर्गीच्या एका मुलीचा रिपोर्ट तिच्याच गल्लीतल्या बाईच्या मोबाइलवर उघडला. तोही गरोदरपणाचा. मुलीचं लग्न व्हायचंय.
डॉक्टरांनी विचारलं, "सर्व्हर तू बघतोस ना? गेला कसा?"
न तपासताच बोलून गेलो, "सर्व्हर ठीक आहे. काउंटरवरून कुणी पासवर्ड दिला असेल."
काउंटरवर शबाना असते.

१३ जून
शबानाला काढलं. जाताना माझ्या टेबलापाशी आली. "भैया, मी कुणालाबी न्हाय दिला पासवर्ड. तुमी सांगा की सरांना."
"बघतो" म्हणालो. काय बघणार होतो?

१६ जून
आज परत! एकाची शुगर दुसऱ्याला. शबाना तर नाहीच. बसून सर्व्हरच्या नोंदी चाळल्या.
सापडलं. जुनं मशीन रिपोर्ट पाठवताना त्याची लांबी दोन ठिकाणी सांगतं, आणि दोन्ही जुळत नाहीत. रिपोर्ट आधी पुढच्या नव्या सर्व्हरवर येतो, मग मागच्या जुन्यावर; पुढचा लांबी तपासून असले रिपोर्ट परत पाठवायचा. रिपोर्ट अडकले, डॉक्टर ओरडले, म्हणून मार्चमध्ये ती तपासणी मीच बंद केली. चालतंय की, म्हटलं. आता पुढचा सर्व्हर लांबीच्या एका खुणेवर थांबतो, मागचा दुसरीवर. उरलेला तुकडा रिपोर्ट मागणाऱ्या पुढच्या माणसाच्या मागणीला चिकटतो आणि याचं त्याला जातं.
अप्पा, माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात होते. कापडाचं लांब थान चुकीच्या खुणेवर कापलं की पुढचा टॉवेलही बिघडतो, हे मला शाळेत असताना कळत होतं. लाज वाटते.

१७ जून
तपासणी चालू केली. मशीनचे रिपोर्ट आता हाताने चढवायचे. घोळ बंद. कुणी विचारलंही नाही. मी बोललो नाही तर कधीच कळणार नाही. हा विचार आला, आणि बरं वाटलं. थू माझ्यावर.

१८ जून
मुलीचे वडील आले. आवाज चढवला नाही. "पोरगी घराभाईर पडंना झालीया, साहेब. कुणी केलं, तेवडं सांगा."
डॉक्टर म्हणाले, "काउंटरवरच्या मुलीला काढलंय."
"कुटं ऱ्हाती ती?"
मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांनी पत्ता दिला नाही.

१९ जून
सकाळी शबानाचा मेसेज. "भैया, कळलं का कुठून गेलं ते?"
उघडून वाचला. आता तिच्याकडे दोन निळ्या खुणा दिसत असतील.
डॉक्टर केबिनमध्ये एकटेच आहेत. दार उघडं आहे.