आखाजीची सही

॥ श्री इच्छादेवी प्रसन्न ॥

शनवारा, बुऱ्हाणपूर
१६ एप्रिल २०२५

ती. अलकाताईस,
सा. न. वि. वि.

निंबाच्या रिक्षातून पाठवलेल्या कैऱ्या आणि शेवग्याच्या शेंगा मिळाल्या. पिशवी धुऊन त्याच्याच हाती परत पाठवते आहे, आत हे पत्र. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तुझ्या सुनेच्या मोबाईलवर घरातल्या पैशाची गोष्ट कशी लिहू? रुपाली गुणाची आहे, पण मोबाईल काय एकट्याचा राहतो?

तर वाच. ह्यांचा मार्चचा पगार चौदा तारखेला आला. माझी रीत तुला ठाऊक आहे, खात्यात पैसा निजवून ठेवत नाही. उरलं की लेकीच्या, शीतलच्या नावच्या ठेवीत टाकते. एक तारखेला पगार, पाच तारखेला घराचा हप्ता, असं इतकी वर्षं बिनघोर चाललं. या वेळी बँकेने हप्ता ओढायला हात घातला तर खातं रिकामं. मग परत एकदा ओढला, परत रिकामं. दर वेळी पाचशे नव्वद दंड. पगार पडला तसे अकराशे ऐंशी त्यांनी आधी आपले काढून घेतले.

मी पासबुक घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या पोराला म्हटलं की बाळा, उशीर सेठने केला, दंड मला का? तो म्हणाला की आंटी, हे मशीन कापतं, आमच्या हातात काही नाही. मी म्हटलं की मशीनला हात नसून ते कापतं आणि तुला दोन हात असून त्यात काही नाही? रांगेतली माणसं हसली. पैसे काही मिळाले नाहीत.

सेठ म्हणतात की धंद्यासाठी बँक जे मोठं कर्ज देते ते अडकलंय, म्हणून पगार लांबतो. बँकेला कागदावर आणखी एक जुना, विश्वासाचा माणूस हवा आहे. म्हणून ते ह्यांना भागीदार करणार, रुपयात दोन आणे! इतकी वर्षं सेठच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात मुनीमगिरी केली, शेवटी देवीने पाहिलं म्हणायचं. पण हे कागद पिशवीत घेऊन हिंडतात, सही करत नाहीत. विचारलं तर म्हणतात, वाचून होऊ दे. निम्मे लूम रिपेरला गेलेत. आवाज कमी झाल्यामुळे डोकं दुखायचं थांबलं असं म्हणतात, पण हसत नाहीत.

मी पंचांग काढलं. तीस तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. त्या दिवशी केलेलं कधी कमी होत नाही. ह्यांना सांगून ठेवलंय की त्याच दिवशी सही करा. तरी तू मोठी आहेस, तुझा शब्द हवा. दोन ओळी लिही. उत्तर आलं नाही तर होकार समजेन.

माझ्यावरचा लोभ ठेवीसारखा ठेव, मधेच मोडू नकोस.

तुझी धाकटी,
प्रतिभा


॥ श्री ॥

इच्छापूर
२० एप्रिल

चि. सौ. प्रतिभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वामनरावांना सही करू देऊ नकोस. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पत्र मधूनच वाचायला घ्यायची तुझी खोड आहे.

आमचं घर रस्त्याला लागून. तुझे ते रिपेरला गेलेले लूम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. भरदुपारी ट्रक गेले, हद्द ओलांडून महाराष्ट्राकडे. वर ताडपत्री होती, पण वारा सुटला होता, लूमवर सेठांच्या कारखान्याचं नाव दिसलं. तुझा भाचा रितेश नाक्यावर चहा पीत होता, त्याने ड्रायव्हरला विचारलं की भाऊ, एवढी दुरुस्ती कुठे करतात? तो म्हणाला की दुरुस्ती कसली, गिऱ्हाईकाला पोचवतोय, पैसे मोजून झालेत.

आता तूच सांग माय, लूम विकणारा माणूस भागीदार कशाला शोधेल? रितेशने केळीच्या मंडीत येणाऱ्या वकिलाला विचारलं. ते म्हणाले की नफ्यात दोन आणे असले तरी कर्ज बुडाल्यावर बँक त्याच भागीदाराकडून सोळा आणे मागू शकते, राहतं घर सुद्धा सोडत नाही. आखाजीला केलेलं कमी होत नाही म्हणतेस. कर्ज पण केलेलंच असतं.

अकराशे ऐंशी गेले ते देवीच्या परडीत पडले समज. लहानपणी हरवलेला एक रुपया शोधायला तू दोन रुपयांचं रॉकेल जाळलं होतंस, बाई. त्या पोराला मात्र छान बोललीस, मी एकटीच हसत बसले तर रुपालीला वाटलं मला काही झालं.

कागद न वाचता परत करा म्हणावं. रागावलीस तरी चालेल, लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी,
अलकाताई


॥ श्री इच्छादेवी प्रसन्न ॥

शनवारा, बुऱ्हाणपूर
६ मे

ती. अलकाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. निंबाही दिसला नाही, लग्नसराईत वऱ्हाडं वाहतोय म्हणे. मी होकार समजले.

आखाजीला घागर पुजली, रस-पुरणपोळी केली, ह्यांना टिळा लावून पाठवलं. जाताना उंबऱ्यात थांबले, म्हणाले की प्रतिभा, तू सांगतेस म्हणून. मी म्हटलं, मी नाही, दिवस सांगतोय. मला वाटलं एक सही असेल. चांगली दुपार झाली. कागदांवर झाल्या, मग कोऱ्या चेकांवर. बँकेत दोघांच्या सह्या लागतात आणि सेठ घरच्यांना घेऊन बद्रीनाथला निघाले, मागे काम अडायला नको म्हणून आधीच करून घेतल्या. हरवू नये म्हणून चेकबुक ते आपल्याबरोबर घेऊन गेले.

पगार मात्र शनिवारी आला, हप्त्याच्या आत! काल हप्ता गेला. आणि ऐक, बँकेत मॅनेजरसाहेबांनी मला स्वतः बोलावून खुर्ची दिली. कापलेले सगळे पैसे परत खात्यात. मी विचारलं की साहेब, ते तर मशीन कापतं ना? ते हसून म्हणाले की मॅडम, आता तुमचे मिस्टर आमचे मोठे ग्राहक आहेत. मला दारापर्यंत सोडायला आले. खरं सांगू? एवढी मोठी फिरत्या पंख्याची खोली, तरी मला घाम फुटला.

पेढे आणले, ह्यांनी तोंडात घातला नाही. सेठांनी यात्रेला स्वयंपाकीण धुरपदाबाईला नेलं ते ठीक, पण कुत्राही नेला. बद्रीनाथला कुत्रा कशाला, असं मी ह्यांना विचारलं. म्हणाले, देवाचं नाव घे आणि गप्प बस. असं ते मला कधी बोलले नव्हते.

तू काहीतरी लिही. रागाचं लिहिलंस तरी तो मी लोभच समजेन.

तुझी,
प्रतिभा


इच्छापूर
८ मे

चि. प्रतिभास,
आशीर्वाद.

मी वीस तारखेलाच उत्तर दिलं होतं. ते निंबाच्या सीटखालच्या डब्यात राहिलं. आज तुझं पत्र काढताना त्याला सापडलं, कान धरून माझ्यापुढे उभा राहिला. त्याला काय बोलू? दोन्ही पत्रं रितेशच्या हाती पाठवते, तो याच बसने येतो आहे.

वाचत बसू नका. रितेश सांगेल. वामनरावांना घेऊन आत्ता बँकेत जा, एकही चेक पास करू नका असं लिहून द्या, लिहून दिल्याचा शिक्का घ्या.

लोभाचं मग बोलू.

ताई


॥ श्री इच्छादेवी प्रसन्न ॥

शनवारा, बुऱ्हाणपूर
१३ मे

ती. अलकाताईस,
सा. न. वि. वि.

रितेश आला तशी आम्ही रिक्षा केली. बँकेत या वेळी कोणी बस म्हटलं नाही. साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवली. कर्जाचा सगळा पैसा सोमवारीच उचलला गेला होता. म्हणजे मी त्या खुर्चीत बसले होते त्याच दिवशी. साहेबांनी विचारलं की सही बनावट आहे का. ह्यांनी चष्मासुद्धा काढला नाही पिशवीतून. म्हणाले की नाही, माझीच आहे. रितेशने हात दाबला तरी तेच म्हणाले. खोटं बोलता आलं असतं तर मुनीमगिरीत एवढी वर्षं गेली असती का.

सेठांचा फोन बंद. कारखान्यात गेलो तर लूम होते तिथे फरशीवर तेलाचे चौकोन राहिलेत. ठाण्यात तक्रार दिली, कागदावर शिक्का मारून मिळाला. हवालदाराने विचारलं की भागीदार कोण? हे म्हणाले, मी. तो म्हणाला की मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू?

वकील म्हणतात की लढता येईल, पण घर सांभाळा. घराच्या दाराला मी रोज कुंकू लावते, त्याखेरीज ते सांभाळायचं कसं ते मला कोणी सांगत नाही. ह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आज सकाळी तुळशीला पाणी घालत होते तर गल्ली माणसांनी भरलेली. सगळी लूमवरची. कोणी ओरडत नव्हतं. पुढे उखर्डू होता, आखाजीला आपल्याकडे रस खाऊन गेलेला. शनिवारी पगार फक्त आपल्याच घरी आला होता, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं की कोण हवं, भाऊ? त्याने चपला काढल्या आणि म्हणाला की सेठ आहेत का? मी म्हटलं की सेठ बंगल्यावर राहतात, तिथे तर कुलूप आहे. तो म्हणाला की ते नाही वहिनी, आता जे सेठ आहेत ते, आणि त्याने घरात बोट दाखवलं.

मी मागे पाहिलं. हे उठून शर्टाची बटणं लावत होते.

सगळे अजून ओट्यावर आहेत, हे त्यांच्यात बसलेत. मी दार ओढून घेतलेलं नाही. तुझा लोभ असू दे ताई, मागण्यासारखं आता तेवढंच उरलं आहे.

तुझी,
प्रतिभा