बाबांची बरोबर उत्तरं

३ जानेवारी

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायची सोय नाही, तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हा कागद. तुझी आई जाऊन वर्ष होत आलं, पण दादा अजून तिथेच अडकलाय. सकाळी चष्म्याचं दुकान उघडतो, शटर अर्धंच वर करतो आणि आत काचा पुसत बसतो. कुणी वाकून आत शिरलं तर त्याचे डोळे तपासतो, नाही शिरलं तर त्याचं काही अडत नाही. जेवताना मी एवढी बडबडते तेव्हा कुठे एखादा हुंकार पदरात पडतो. परवा तर तो तुझ्या आईच्या जुन्या चष्म्याला नव्या काचा बसवत होता.

तू मानसशास्त्र शिकतेस ना? मग सांग काहीतरी. आमच्या घरात आता मनाची डॉक्टर आहे असं मी शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगून बसले आहे. माझं नाक कापू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी आत्या

११ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. अगं, मी कसली डॉक्टर? दुसऱ्या वर्षाला आहे. उंदरांच्या स्मरणशक्तीवर चार पानं लिहीन, बाबांवर एक ओळ सुचत नाही. आमच्या बाईंनी तर पहिल्याच तासाला बजावलंय की घरच्या माणसांवर प्रयोग करायचे नाहीत.

एक केलंय. आमच्या विद्यापीठाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. व्याख्यानांचे व्हिडिओ, दुःखावरचे लेख, श्वासाचे व्यायाम, मनाची तपासणी करायच्या प्रश्नावल्या, सगळं एका जागी. माझा पासवर्ड बाबांना कळवलाय. तो कुणाला द्यायचा नसतो, पण घरात कुणाची उशी कुणाकडे असते हे आपण कधी पाहिलंय? मला अभ्यासाला सोबत हवी, असं त्यांना सांगितलंय. तेवढ्या निमित्ताने तरी ते काही बघतील, बोलतील.

दवाखान्यातल्या समुपदेशकांची वेळ मात्र तू घेच. ते मी नाही करू शकत.

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी चिंगी

२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

पोरी, जिंकलीस! दादा त्या व्हिडिओंना असा चिकटलाय की हाक मारली तरी मान वर करत नाही. जेवताना मला मेंदूचे भाग सांगतो. श्वासाचे व्यायाम आम्ही दोघं मिळून करतो, पण त्यातली बाई इतकं गोड बोलते की मला तिथेच डुलकी लागते.

दवाखान्यातही जाऊन आलो. समुपदेशकांनी प्रश्नांचा कागद दिला, दादाने भराभर भरला. त्यांनी बेरीज केली आणि म्हणाले, सगळं उत्तम आहे, पुन्हा यायची गरज नाही. माझा जीव भांड्यात पडला. शटर अजून अर्धंच असतं, पण तेही होईल हळूहळू.

एक गंमत सांगते. मीही हौसेने एक कागद मागून घेतला. झोप अधूनमधून लागत नाही, अशी खूण करत होते, तर दादाने मला कोपराने ढोसलं. म्हणाला, त्याने गुण वाढतात, ‘क्वचित’वर खूण कर. आणि शेवटच्या प्रश्नाला विचार करत बसू नकोस, सरळ कधीच नाही असं लिही, नाहीतर बसवून ठेवतात. या वयात कॉपी करायला शिकवतोय मला!

आता तू निवांत परीक्षा दे.

तुझी आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे बाबांना दाखवू नकोस. कोणत्या उत्तराला किती गुण आणि किती झाले की माणसाला थांबवून घ्यायचं, हे सगळं आमच्या ग्रंथालयात आहे, विद्यार्थ्यांसाठी. दवाखान्यातला कागद तोच. आत्या, बाबांनी त्यांची उत्तरं लिहिलीच नाहीत. बरोबर उत्तरं लिहिली. किल्ली मीच त्यांच्या हातात दिली होती.

शेवटचा प्रश्न मला पाठ आहे. जगणं संपलं तर बरं असं वाटतं का, असं त्यात विचारतात.

समुपदेशकांना फोन केला. ते म्हणाले, कागदावर काही नाही, त्यांनी स्वतः येऊन बोलायला हवं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ताबडतोब सरळ विचार. इतके व्हिडिओ पाहिले, पण स्वतःच्या वडिलांना हे कसं विचारायचं ते एकातही नाही. फोनवर ते मजेत आहे म्हणतात आणि ठेवून देतात. मी अशीच धावत आले तर समोर बसून हसूनही दाखवतील. मला खूप भीती वाटते आहे.

त्यांना एकटं सोडू नकोस. दुकानात जाऊन बस. सोबतचा कागद त्यांच्या हातात दे.

चिंगी

९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुण कसे देतात ते तुम्हाला ठाऊक आहे, हे मला कळलं. मी रागावलेले नाही. मला काही सुचत नाही एवढंच.

म्हणून पर्याय न देता विचारते. तुम्हाला जगावंसं वाटतं का? काहीही लिहा, मी ऐकेन. फक्त बरोबर उत्तर लिहू नका.

तुमची चिंगी

१३ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या हल्ली दुकानात ठाण मांडून असते आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात नको त्या फ्रेमा मारते. तिला कोणी पाठवलंय ते न कळण्याइतका मी खुळा नाही.

गाडीच्या परवान्यासाठी येणारे लोक डोळे तपासायचा तक्ता पाठ करून येतात. अशा वेळी मी गुपचूप दुसरा तक्ता लावतो. दवाखान्यातही कुणीतरी तसं करेल असं मला वाटत होतं. कागद परत दिल्यावर मी खुर्चीत थोडा बसूनच राहिलो. ते म्हणाले, आता गेलात तरी चालेल.

खोटं लिहिलं ते तुझ्यासाठी. तुझ्या शिक्षणात तुझ्या आईचा जीव होता. तू सगळं टाकून माझ्या उशाशी येऊन बसशील, याची धास्ती होती. व्हिडिओ मात्र मनापासून पाहिले. तू काय शिकतेस ते कळायला लागलं, तेवढा वेळ बरं वाटायचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की काही दिवस वाटतं, काही दिवस नाही. न वाटण्याचे दिवस हल्ली जास्त झालेत. हे मी कुणाला बोललेलो नाही.

परीक्षेचं काय करायचं ते तू ठरव, मला त्यातलं काही कळेनासं झालंय. पण तू ये. माझ्यासोबत दवाखान्यात चल आणि मी काही बोलायच्या आत हे पत्र त्यांना वाचून दाखव. मला कुणी विचारलं की मी लगेच मजेत आहे म्हणतो.

तुझे बाबा