वाशीतले नऊ खरे ख्रिस्ती

१ जानेवारी १९७८, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प : रागवायचं नाही. रोज डायरी लिहायची. कुणाच्या घरी चहा प्यायचा नाही, कारण चहा पाजणारा नंतर सवलत मागतो.

पहिला संकल्प साडेदहाला मोडला. त्यात माझा दोष नाही. आमच्या वाशीच्या मंडळीची उपासना शाळेच्या वर्गात भरते, लहान मुलांच्या बाकांवर. आज एकतीस माणसं. त्यांत ख्रिस्ती किती? माझ्या मते पाच, फार तर सहा. बाकी सगळा भरणा. टेम्पो ड्रायव्हर पोपट साळवे प्रार्थनेला डोळे मिटतो ते आशीर्वादालाच उघडतो. मध्ये घोरतो. तोंडाला कालचा वास. शिसारी आली.

आणि वेणूबाई! जवळच्या दिवाळे गावच्या कोळणींकडून सुके बोंबील घेते आणि सेक्टरभर विकते. पाटी वर्गाच्या दाराबाहेर ठेवते, वास मात्र आत येऊन बसतो. शिवाय ती आमच्याच पिंपळवाडीची, त्यामुळे सर्वांसमोर मला बाज्या म्हणते. मी बाजीराव पारधे, केमिकल कंपनीत स्टोअरकीपर, वय बेचाळीस.

महिन्यातून एकदा मुंबईहून येणारे उमाप पाळकसाहेब आज म्हणाले की ईस्टरला इथं प्रभूच्या मेजावरची भाकर आणि पेला, म्हणजे पहिलं प्रभुभोजन देऊ, आणि त्याच दिवशी मंडळीचा कारभार पाहायला एक पंच नेमू. सगळे ठिकठिकाणांहून आलेले, तेव्हा आपापल्या गावच्या मंडळीचं सभासदपत्र कुणीतरी गोळा करावं. मी हात वर केला. साहेब बहुतेक दुसऱ्या कुणाला तरी विचारत होते, पण हात माझा आधी वर गेला होता.

३ जानेवारी

माझ्या स्टोअरमधून गेटपासशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही. मग देवाच्या मेजापाशी माणूस बिनपासचा कसा जाईल? इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नव्हती.

नियम केले. पत्र गावच्या पाळकाच्या हातचं हवं. सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. सही शाईची. ओळखीवर काम होणार नाही. टाइप करून शाळेच्या फळ्याशेजारी लावले.

चारुलताने, म्हणजे आमच्या हिने, विचारलं, आपलं पत्र कुठाय? म्हटलं, मागवतोय. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बायकोचं असं पाहणं मला आवडत नाही. पिंपळवाडीला कार्ड टाकलं.

१५ जानेवारी, रविवार

घरोघर तपासणी. पोपटचं पत्र ड्रायव्हिंग लायसनमध्ये घडी घातलेलं, तेलकट, दोन वर्षांपूर्वीचं. बाद. तो म्हणाला, बाजीरावभाऊ, दोन वर्षांत येशू बदलला काय? टेन्शन कशाला घेता? असल्या उद्धट माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. चहा घ्यावा लागला, कारण त्याच्या बायकोने आधीच ओतला होता. कपाला तडा. किळस आली, पण संपवला. अन्न टाकणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

एका घरी भिंतीवर प्रभूच्या तसबिरीशेजारी सिनेमानटाचं कॅलेंडर. नाव खोडलं. एका घरी नवरा-बायको माझ्यादेखत भांडले. दोन्ही नावं खोडली.

२२ जानेवारी, रविवार

वेणूबाईकडे गेलो. लेकीच्या घरी राहते. जिन्यात बोंबील वाळत घातलेले. नाकाला रुमाल लावून प्रश्न विचारले.

पत्र नाही. का नाही? तर म्हणे, तिकडं समदे मला वळखत्यात, पत्र कशापायी? मी म्हणालो, इथं कोण ओळखतं? ती म्हणाली, आरं बाज्या, तू वळखतोस की. मी स्पष्ट सांगितलं की कामाच्या बाबतीत मी कुणालाही ओळखत नाही. ती हसली आणि मूठभर बोंबील कागदात बांधून दिले. ही उघड लाच होती. घेतले ते फक्त पुरावा म्हणून.

संध्याकाळी चारुलताने पुरावा तळला.

५ फेब्रुवारी, रविवार

गावाहून उत्तर आलं. मंडळीचा सेक्रेटरी नामदेव लिहितो : आपले पत्र तयार आहे. मात्र पंचांचं ठरलं आहे की आपण समक्ष यावे, भाऊ हिरामण याच्याशी मंडळीसमोर हात मिळवावा आणि पत्र न्यावे.

वाचून अंगाचा तिळपापड झाला. हे काय पत्र देण्याचं कलम झालं? आमच्या नियमांत हे कुठंच नाही.

खरी हकिकत इथं नोंदवून ठेवतो. १९६९ साली धाकटा भाऊ हिरामण याचं दमयंतीशी लग्न लागलं. ती बौद्ध घरातली. बाप्तिस्म्याआधी तीन महिने शिकवण लागते, हिला तीन आठवडे दिली. गोर्डे पाळकसाहेबांनी भर लग्नात रीतीप्रमाणे विचारलं, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. मी उठलो. दुसरं काय करणार? हरकत ऐकायचीच नसेल तर विचारता कशाला? सव्वा तास बोललो. नवरी रडली, भात गार झाला, आणि शेवटी गोर्डेसाहेबांनी मलाच खाली बसवून लग्न लावून टाकलं. मी त्याच पावली गाव सोडलं. त्यानंतर गावाशी संबंध नाही, कुणाची खबरबात नाही. नऊ वर्षं मी वाट पाहतोय की हिरामण क्षमा मागेल. त्याला लाज असावी, म्हणून मागत नसेल.

७ फेब्रुवारी

मोठेपणा माझ्याकडेच. हिरामणला कार्ड लिहिलं : मी तुला क्षमा केली आहे. पोच द्यावी.

१८ फेब्रुवारी

पोच आली. लिहितो, दादा, तू ये. दमयंती कोंबडी करील. मुलं तुला बघायचं म्हणतात.

क्षमेबद्दल एक अक्षर नाही. कोंबडी! माणसाला वाटतं काय, मी पोटासाठी तत्त्व सोडीन? मुलं किती, तेही लिहिलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

तरी गावी जायला निघालो. कुणी म्हणायला नको. पनवेलच्या स्टँडवर पोचलो. पुण्याची गाडी लागलेली. आत एका बाईच्या मांडीवर कोंबड्याची टोपली, कंडक्टर तंबाखू थुंकून पिचकारीचा नेम तपासतोय, खिडकीच्या सीटवर कुणीतरी ओकलेलं. पायरीवर एक पाय ठेवला. देवाने दिलेलं चिन्ह स्पष्ट होतं. परत आलो.

चारुलताला सांगितलं, गाडी फुल होती. तिने माझी पिशवी उघडली. दमयंतीसाठी तिने त्यात ठेवलेलं चोळीचं कापड बाहेर काढलं, घडी सरळ केली आणि कपाटात ठेवलं. या घरात मला कुणी समजून घेत नाही.

५ मार्च, रविवार

तीन आठवडे उरले. आठ पत्रं नियमात बसली, त्यांत चारुलताचंही, तिच्या माहेरच्या मंडळीकडून आलेलं. तिने माझ्या आधी मागवलं होतं आणि मला सांगितलंही नव्हतं. खरे ख्रिस्ती आठ, आणि मी नववा. पंच मीच होणार, हे पोपटसुद्धा बोलून गेला. म्हणाला, बाजीरावभाऊच होणार, दुसरा कोण इतका मोकळा आहे?

फक्त माझं पत्र यायचंय.

११ मार्च

विचार केला. पत्र म्हणजे काय? मला ओळखणाऱ्या पाळकाने लिहिलेलं की हा माणूस खरा आहे. गोर्डेसाहेबांनी मला बाप्तिस्मा दिला, मोठेपणी दृढीकरण देऊन मंडळीत घेतलं. ते मला ओळखतात. लग्नात रागावले खरे, पण आतून त्यांना माझा मुद्दा पटला असणार. त्यांनी जे लिहिलं असतं, ते मला पाठ आहे. मग मध्ये पोस्टखात्याला त्रास कशाला?

डाव्या हाताने लिहिलं. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं वाटतं. “बाजीराव हा माझ्या मंडळीतील सर्वांत निष्ठावंत मेंढरू असून, त्याच्यासारखा खरा ख्रिस्ती मी पाहिला नाही.” वाचताना माझेच डोळे भरून आले. तारीख ८ मार्च १९७८ घातली, सहा महिन्यांचा नियम मी स्वतःसाठीही शिथिल करणार नाही. सही शाईची.

याला कुणी खोटं म्हणू नये. ही खरी गोष्टच आहे, फक्त आधी लिहिलेली.

१९ मार्च, रविवार

यादी पक्की. एकतीसपैकी नऊ. बाकी बावीस जण मागच्या बाकांवर बसून पाहतील. काहींनी तोंडं वाकडी केली. एक कुटुंब आज आलंच नाही. भुसा उडाला की दाणे राहतात.

वेणूबाईने विचारलं, बाज्या, मला पत्र न्हाई, मग म्या मागं बसून नुसतं बघितलं तर चालंल का? गेलं सालभर आजारानं गावच्या प्रभुभोजनाला पण जाता आलं न्हाई, मन लागंना. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. पाटी मात्र गेटाबाहेर, असं बजावलं.

२६ मार्च, ईस्टर

दुपारचे तीन. जेवण गेलं नाही. जसं घडलं तसं लिहितो.

वर्ग भरलेला, रुसलेलं कुटुंबही आलेलं. टेबलावर पांढरा कपडा, ताटात भाकर, पेला. उमापसाहेबांनी एकेक पत्र मोठ्याने वाचलं. माझं मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. “सर्वांत निष्ठावंत मेंढरू” इथवर साहेबांनी वाचलं. मग खाली गोर्डेसाहेबांची सही पाहिली, तारीख पाहिली आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. विचारलं, पिंपळवाडीचं आणखी कुणी आहे का इथं?

मागून वेणूबाई उठली.

साहेबांनी कागद तिच्या हातात दिला. विचारलं, बाई, ही गोर्डेसाहेबांची सही का? म्हातारीला अक्षर येत नाही. तिने कागद धरला, बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. कपाळाला घाम का आला, तेव्हा मला कळलं नाही. ती म्हणाली, व्हय साहेब, त्यांचीच. माझ्यादेखत लिवलं त्यांनी, वट्यावर बसून.

मला हायसं वाटलं, आणि लगेच किळसही आली. मी लिहिलेल्या कागदाबद्दल ही बाई देवाच्या घरात, ईस्टरच्या दिवशी धडधडीत खोटं बोलत होती! असलं माणूस खरं ख्रिस्ती कसं म्हणायचं?

प्रभुभोजन सुरू झालं. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि म्हणाले, सर्वांनी पुढं यावं. पोपट आला, कॅलेंडरवाले आले, भांडणारी जोडी आली. वेणूबाई जागेवरच. साहेबांनी हाताने बोलावलं तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, न्हाई साहेब, म्या बाजीरावाला सबूद दिलाय नुसतं बघायचा. फुडल्या टायमाला पत्र आणते. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. पहिल्यांदाच ती मला बाजीराव म्हणाली. भाकरीचा तुकडा तोंडात धरूनच मी जागेवर परत आलो.

पंच नेमायचं साहेबांनी पुढं ढकललं. नंतर व्हरांड्यात मला बोलावलं आणि पत्र घडी करून माझ्या खिशात ठेवलं. म्हणाले, गोर्डेसाहेब शहात्तरच्या पावसाळ्यात वारले. माती द्यायला मी होतो. आलेल्या दीडशे माणसांच्या भाकरी वेणूबाईंनीच भाजल्या होत्या. एवढं बोलून चपला घालून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

गेटाबाहेर वेणूबाई पाटी डोक्यावर घेत होती. मी विचारलं, तू त्यांच्या मातीला होतीस, मग खोटं का बोललीस? ती म्हणाली, बाज्या, जेवाया बसल्याल्या मानसाला पानावरनं उठवत न्हाईत. वर म्हणाली, देवाला काय सांगायचं ते माझं म्या बघते, तू जा घरी, चारू वाट बघत असंल. आणि बोंबील बोंबील करत सेक्टरात गेली.

पानावरून मी बावीस माणसं उठवली होती. त्यांतली एकवीस साहेबांनी परत बसवली.

आता वेणूबाईचं पत्र लिहायला बसलोय. उजव्या हाताने. “या बाईंना मी लहानपणापासून ओळखतो. त्या खऱ्या ख्रिस्ती आहेत.” दोन ओळींत संपलं, तिसरी लागलीच नाही. खाली सही कुणाची करायची, तिथं अडलोय.